सावंतवाडीची गंजिफा: १२० पानांचा हातरंगी डाव

गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांचा खेळ. खेळालाही गंजिफा म्हणतात आणि पानांच्या जोडालाही. महाराष्ट्रात ही पाने आजही नियमाने तयार होतात ती सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या सावंतवाडीत. तिथल्या दशावतारी जोडात १२० पाने असतात. विष्णूच्या दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगात एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा आकडी पाने अशी त्याची मांडणी. इस्पिक, बदाम, चौकट, किलवर या चार रंगांच्या ५२ पानांवर हात बसलेल्या माणसाला हा जोड पहिल्या दर्शनी अवाढव्य वाटतो. एका जोडात रंगवाव्या लागणाऱ्या आकृत्या मोजल्या तर चिताऱ्याच्या कामाचाही अंदाज येतो. एका रंगाच्या आकडी पानांवर एकूण ५५ चिन्हे, म्हणजे दहा रंगांची ५५०, आणि त्याशिवाय राजा-प्रधानांची २० चित्रे.

खेळ मूळचा सावंतवाडीचा नाही, कोकणाचाही नाही. तो इराणी-तुर्की दरबारांतून हिंदुस्थानात आला. इथला त्याचा पहिला पक्का उल्लेख बाबराच्या आत्मचरित्रात आहे. १५२७ मध्ये त्याने सिंधमधल्या ठठ्ठ्याच्या शाह हसनाला गंजिफाची पाने पाठवली, कारण शाह हसनाला या खेळाची आवड होती आणि त्याने ती मागवली होती. अकबराच्या काळात अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त खेळाचा सविस्तर तपशील दिला. त्यात आधीच्या बारा रंगांच्या, १४४ पानांच्या जोडाचे वर्णन आहे. अश्वपती, गजपती, नरपती, धनपती असे त्यातले राजे. कोणाकडे घोडे, कोणाकडे हत्ती, कोणाकडे गलबते, तर कोणाकडे असुर आणि सापसुद्धा. अख्खे राज्यच एका डब्यात बसवल्यासारखा तो प्रकार होता.

पुढे रूढ झाला तो आठ रंगांचा, ९६ पानांचा मोगल जोड. ताज, सफेद, शमशेर, गुलाम, चंग, सुर्ख, बरात आणि किमाश हे त्याचे आठ रंग. मुकुट, रुप्याचे नाणे, तलवार, चाकर, वाद्य, सोन्याचे नाणे, हुकूमनामा आणि कोठारातला माल ही त्यांची चिन्हे. सरकारी खात्यांची ही यादी मराठी मुलखात चंगकांचनी या नावाने खेळली जाई. चाकर आणि हुकूमनाम्याच्या जागी मत्स्य-कूर्म-वराह आणून बसवले ते हिंदू दरबारांनी. खेळाचा सांगाडा तोच राहिला आणि देवाची नावे घेत डाव मांडण्याची सोय झाली. जुगाराच्या वासाच्या खेळाला देवघराच्या वाटेने घरात घेण्याची ही युक्ती चांगलीच लागू पडली असावी, कारण बंगाल, ओडिशा, म्हैसूर आणि कोकण अशा एकमेकांपासून दूर असलेल्या प्रांतांत दशावतारी जोड रुजला.

सावंतवाडी ही सावंत-भोसल्यांच्या संस्थानाची राजधानी. गोव्याच्या सरहद्दीला लागून, एका बाजूला सह्याद्री आणि मधोमध मोती तलाव. तलावाकाठचा राजवाडा तिसऱ्या खेम सावंतांच्या कारकिर्दीतला मानला जातो. त्यांनी १७५५ ते १८०३ असा दीर्घ काळ राज्य केले. धर्मशास्त्राच्या चर्चेसाठी त्यांच्या दरबारी तेलंगणाकडून आलेल्या विद्वानांबरोबर गंजिफा आणि लाखकाम सावंतवाडीत आले, असे सांगितले जाते. या परंपरेला कागदाचा पुरावा जोडणे अवघड आहे, पण दिशा पटण्यासारखी आहे. तेलंगणातले निर्मल हे गाव लाखकामासाठी आणि गंजिफासाठी नावाजलेले होतेच.

काम हाती घेतले ते चिताऱ्यांनी. लाकडावर रंगकाम करणारी ही जमात. तिच्या नावाची चितारआळी आजही गावात आहे आणि तिथल्या दुकानांत लाकडी फळे, भातुकली, पाट, चौरंग, देव्हारे रचलेले असतात. पांगाऱ्याचे हलके लाकूड खेळण्यांना, फणसाचे आणि शिवणीचे जड कामाला. लाकडी आंब्याला हुबेहूब पाडाचा रंग चढवणारा हात कागदाच्या गोल चकतीवर मासा आणि कासव काढू लागला, एवढाच तो बदल.

ज्या अवतारांची चित्रे काढायची ते इथल्या माणसाला पोथीपेक्षा रंगभूमीवरून अधिक ओळखीचे. दक्षिण कोकणात कार्तिकापासून गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि देवळासमोर रात्रभर दशावतारी नाटक चालते. वालावलकर, पार्सेकर, मोचेमाडकर अशा मंडळींची नावे इथे घरोघरी माहीत असतात. नाटकाच्या आधीच्या आडदशावतारात गणपती, सरस्वती, ब्रह्मदेव येऊन जातात आणि मग वेद चोरणारा संकासुर. काळ्या वेषातला हा असुर पोरांना घाबरवतो आणि मोठ्यांना हसवतो. त्याला मारतो तो मत्स्यावतार, म्हणजे गंजिफाच्या पहिल्या रंगाचा राजा. नाटक आणि पत्ते यांपैकी कोणी कोणाकडून काय घेतले हे शोधण्यात फारसे हशील नाही. दोघांचा प्रेक्षक एकच होता.

जोडातल्या बऱ्याच चिन्हांबद्दल सगळीकडे एकवाक्यता आहे. मत्स्याचा मासा, कूर्माचे कासव, वामनाचा कमंडलू, परशुरामाचा परशू. रामासाठी बहुधा धनुष्यबाण आणि कल्कीसाठी तलवार. बाकीच्यांत प्रांताप्रमाणे फरक पडतो. वराहाला कुठे शंख तर कुठे रानडुकराचे मुख, नृसिंहाला कुठे चक्र तर कुठे सिंह, कृष्णाला गाय किंवा चक्र. नववा अवतार सर्वांत अस्थिर. कुठे बुद्ध, ओडिशा-बंगालकडे जगन्नाथ आणि मराठी जोडांत क्वचित विठोबाही त्या जागेवर येऊन उभा राहतो. राजाच्या पानावर अवतार पूर्ण थाटात, सोबत सेवक किंवा महिरप. प्रधानाच्या पानावर लवाजमा कमी. इतर १०० पानांवर फक्त चिन्हांची आरास.

पान घडते ते मात्र चित्राच्या खूप आधी. पारंपरिक पद्धतीत कागदाचे, कधी जुन्या कापडाचे थर एकमेकांवर चिकटवून पुठ्ठा तयार करतात. चिकटवायला चिंचोक्यांची खळ. चिंचोके भाजून किंवा भिजवून त्यांची तपकिरी साल काढायची, आतला पांढरा गर दळायचा आणि पाण्यात शिजवून गुळगुळीत खळ करायची. गव्हाच्या खळीपेक्षा ही खळ चिवट, आणि चिंचेचे झाड कोकणात परसातच असते. थर दाबून वाळले की त्यातून गोल चकत्या कापतात. पानाचा व्यास जोडागणिक बदलतो. जुन्या जोडांत अगदी रुपयाएवढी पानेही सापडतात आणि तळहात झाकणारीही. दरबारी जोड हस्तिदंताचे, कासवाच्या पाठीचे किंवा शिंपल्याचेही असत; सामान्यांचे कागदाचे. सावंतवाडीचे नाव झाले ते कागदाच्या पानांवर.

चकतीवर खडूची पूड आणि खळ यांचे अस्तर चढते. एक हात, वाळवणे, दुसरा हात, पुन्हा वाळवणे. मग घोटणे. गुळगुळीत दगडाने किंवा अकिकाने चकती इतकी घासायची की कागदाचा दाणा बोटाला लागू नये. हे काम कंटाळवाणे असते आणि चित्राकडे पाहणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही. पण पुढचे सगळे त्यावरच अवलंबून असते, कारण खरखरीत अस्तरावर कुंचल्याची बारीक रेघ फाटते आणि फाटलेल्या रेघेवर लाख चढवली की ती उलट अधिकच डोळ्यांत भरते.

घोटलेल्या चकतीवर जमीन चढते, म्हणजे पार्श्वभूमीचा सपाट रंग. प्रत्येक अवताराची जमीन वेगळी, आणि हा भेद निव्वळ शोभेसाठी नाही. हातात चाळीस पाने पंख्यासारखी धरली की प्रत्येकाची फक्त कड दिसते आणि त्या कडेवरच्या रंगावरून खेळाडूला रंग ओळखावा लागतो. पाठीची बाजू सगळ्या पानांची सारखीच असते, एकरंगी आणि चिन्हाशिवाय. पाठीवर एखादी जरी खूण राहिली तर पान समोरच्याला कळलेच.

कडेने एक-दोन वलयांची किनार काढून मग आकृत्या. आकडी पान सोपे वाटते, पण चिताऱ्याची परीक्षा होते ती तिथेच. वामनाची नव्वी घेतली तर नऊ कमंडलू एका गोलात बसवायचे असतात. चौकोनी पत्त्यावर तीन ओळींत तीन मांडले की झाले. गोलात ओळी कडेला आपटतात. मग मध्ये एक आणि भोवती आठ, किंवा मध्ये तीन आणि भोवती सहा अशी रचना करावी लागते. शिवाय पान कसेही फिरवले तरी आकडा एका नजरेत कळायला हवा, कारण गोल पानाला वर-खाली नसते. प्रत्येक कमंडलू सात-आठ फटकाऱ्यांत उतरतो. आधी पोटाचा भरीव ठिपका, मग मान, तोटी, कडी आणि शेवटी उजेड दाखवणारी एक पांढरी रेघ. चितारी एका वेळी एक पान पूर्ण करत नाही. सगळी पोटे एका बैठकीत, सगळ्या तोट्या दुसऱ्या बैठकीत. त्यामुळे रंग एकदाच कालवावा लागतो आणि हाताला लय सापडते. तरीही कुठलेही दोन कमंडलू तंतोतंत सारखे नसतात, आणि छापील पत्ते व गंजिफा यांतला फरक ओळखायचा असेल तर तो इथेच शोधावा.

पूर्वी रंग खनिजांचे आणि वनस्पतींचे असत. गेरू, हरताळ, हिंगूळ, नीळ, काजळ, शंखाची किंवा खडूची पांढरी. आता बहुतेक काम बाटलीतल्या पोस्टर रंगांवर चालते. शुद्धतावाद्यांना ते रुचत नाही. पण हरताळात सोमल असतो आणि हिंगुळात पारा. ते दिवसभर ओठांनी कुंचला टोकदार करणाऱ्या माणसाच्या पोटात जाण्यापेक्षा पोस्टर रंग बरे. चित्राची ओळख ठरते ती रेषेवरून आणि जमिनीच्या सपाटपणावरून, आणि त्या दोन गोष्टी बाटलीने बदललेल्या नाहीत.

शेवटचा हात लाखेचा. लाख हा पळस, कुसुम, बोर यांच्या डहाळ्यांवर राहणाऱ्या बारीक किड्याचा स्राव. आज देशात ती मुख्यतः झारखंड आणि छत्तीसगडच्या जंगलांतून येते. शुद्ध केलेली लाख पाण्यात विरघळत नाही, स्पिरिटमध्ये विरघळते. थरांचा क्रम या गुणावरच बेतलेला आहे. खाली पाण्यात कालवलेले गोंदाचे रंग, वर स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. स्पिरिट खालच्या रंगाला उठवत नाही आणि एकदा वाळलेल्या लाखेला ओला हात लागला तरी काही होत नाही. सिंधुदुर्गात हे संरक्षण चैनीखातर नाही. आंबोलीच्या घाटात वर्षाला सुमारे ७,००० मिलिमीटर पाऊस पडतो, खाली किनाऱ्याकडेही ३,०००च्या आसपास. आषाढात कपाटातल्या वहीलासुद्धा बुरशी धरते. लाखेमुळे पान दमटपणात टिकते, घामट बोटांत टिकते आणि एकमेकांवरून सहज सरकते.

सरकण्याचे महत्त्व डाव मांडल्यावर कळते. गोल पाने इंग्रजी पत्त्यांसारखी हातात पिसता येत नाहीत. ती चादरीवर उपडी पसरून दोन्ही हातांनी कालवतात. खेळ बहुधा तिघांचा. १२० पाने वाटली की प्रत्येकाच्या वाट्याला चाळीस येतात. बसायचे जमिनीवर, मध्ये पांढरी चादर, आणि डाव फिरतो उजवीकडे.

पानांच्या उतरंडीत या खेळाची खरी खोच आहे. सगळ्या रंगांत राजा पहिला आणि प्रधान दुसरा. त्यानंतर परशुराम, राम, कृष्ण, बुद्ध आणि कल्की या पाच रंगांत दश्शी मोठी व एक्का सर्वांत लहान. मत्स्य, कूर्म, वराह, नृसिंह आणि वामन या पाचांत बरोबर उलट, एक्का मोठा व दश्शी कुचकामी. मोगल जोडातही आठांपैकी चार रंग असेच उलटे चालतात. म्हणजे हातातली नव्वी पाहिली की ती मोठी की फुटकळ, हे ठरवायला अवतार आठवावा लागतो. नवख्याचे पहिले काही डाव या एका गोष्टीतच जातात.

उतारी कोणी करायची हे घड्याळावर ठरते. दिवसा खेळ असेल तर ज्याच्याकडे रामाचा राजा तो सुरुवात करतो, दिवेलागणीनंतर खेळ असेल तर कृष्णाच्या राजाचा धनी. मोगल जोडात हाच मान दिवसा सुर्खाचा, रात्री सफेदचा. सोन्याचे नाणे सूर्यासारखे आणि रुप्याचे चंद्रासारखे धरलेले. पहिली उतारी राजा आणि त्यासोबत एक हलके पान अशी जोडीने होते. त्याला कोणी उत्तर देऊ शकत नाही, म्हणून बाकीचे दोघे आपल्याकडची दोन निकामी पाने टाकतात. ब्रिजसारखा इथे हुकमाचा रंग नसतो. जे पान त्या क्षणी आपल्या रंगात सर्वांत वरचे उरले आहे, ते हात जिंकते. रामाचा राजा आणि प्रधान पडून गेले की रामाची दश्शी राजाइतकीच बळकट होते, ती गेली की नव्वी.

साहजिकच डाव सगळा आठवणीचा. दहा रंगांत कुठले पान गेले आणि कुठले अजून बाहेर आहे, हे कागदावर न लिहिता ध्यानात ठेवायचे असते. पडलेली पाने उलटून पाहता येत नाहीत. चाळीसपेक्षा जेवढी पाने अधिक जिंकली तेवढा नफा, कमी पडली तेवढे देणे. खेळाडू मुरलेले असतील तर गप्पा होत नाहीत. आणि याच गप्प बसण्यामुळे आजच्या घरात हा खेळ परत रुजणे कठीण आहे. रमीत बोलता येते, चहा पिता येतो, मध्येच फोन घेता येतो. गंजिफात एक फोन घेतला की सातवा रंग डोक्यातून गेलाच.

जुगारी मंडळींसाठी वेगळा, सोपा प्रकार होता. त्याला नक्श म्हणत. त्याचा जोड ४८ पानांचा, चारही रंग एकसारखे. राजाचे बारा, प्रधानाचे अकरा, बाकीच्या पानांचे आकड्याइतके गुण. पाने घेत घेत सतराला पोचायचे आणि पुढे जायचे नाही. बंगाल-ओडिशाकडे लग्नसराईत आणि दिवाळीच्या रात्री नक्शचे फड बसत. दिवाळीत पत्ते कुटण्याची चाल ५२ पानांबरोबर आली असे समजणाऱ्यांनी ही नोंद घ्यावी.

मराठी मुलखात रंगीत देव घरोघर पोचले ते एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, छापखान्यातून. पुण्याचा चित्रशाळा छापखाना १८७८चा, राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४चा. स्वस्तात रंगीत लक्ष्मी भिंतीवर आली आणि चिताऱ्याच्या हातच्या चित्राचे गिऱ्हाईक पांगले. त्याच सुमारास युरोपी पत्ते बाजारात आले. बेल्जियमच्या तुर्नहाउट शहरातले कारखाने हिंदुस्थानासाठी पत्त्यांचे जोडच्या जोड छापून पाठवत. ते स्वस्त, चौकोनी, खिशात मावणारे, आणि त्यांचे नियम लहान मूलही तासाभरात शिकते. गंजिफाचा एक जोड रंगवायला आठवडे लागतात. किमतीची तुलना करण्याची गरजच पडली नाही.

विसाव्या शतकाच्या मध्यावर हा धंदा जवळजवळ थांबला. १९४८ मध्ये सावंतवाडी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. दरबार गेला आणि दरबारी मागणीही गेली. जुन्या पद्धतीने पाने करणारे हात संपत आले होते, वयोवृद्ध पुंडलिक चितारी हे त्यांतले शेवटचे नाव. संस्थानाचे राजे शिवरामराजे भोसले आणि बडोद्याच्या गायकवाड घराण्यातून आलेल्या त्यांच्या पत्नी सत्वशीलादेवी यांनी या टोकाला ती कला धरली. सत्वशीलादेवी पुंडलिक चिताऱ्यांकडून स्वतः शिकल्या आणि १९७१ मध्ये राजवाड्यात ‘सावंतवाडी लॅकरवेअर्स’ सुरू झाले. दरबार हॉलमध्ये चटया टाकून कारागीर रंगवायला बसले. त्यांत चितारी जमातीबाहेरचे तरुण होते, स्त्रियाही होत्या. पूर्वी हे काम घराण्यात आणि बहुतांशी पुरुषांत चाले. संस्थानिकांच्या कलाप्रेमाची वर्णने एरवी सावधपणे वाचावीत. इथे मात्र पाने डोळ्यांसमोर आहेत. शिवरामराजे १९९५ मध्ये निवर्तले आणि सत्वशीलादेवी २०१८ मध्ये, पण काम थांबलेले नाही.

याच काळात जगाचे लक्ष या पानांकडे वळले. मुंबईत राहिलेले जर्मन वंशाचे कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडेन यांनी देशभरातून गंजिफा जमवल्या, खेळाचे नियम लिहून घेतले, आणि १९८२ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात भारतीय पत्त्यांचे प्रदर्शन त्यांच्या अभ्यासातून उभे राहिले. रझा, हुसेन, आरा या चित्रकारांच्या पिढीला मुंबईत आधार देणाऱ्यांपैकी ते एक. नव्या चित्रकारांचा पाठीराखा आणि जुन्या पत्त्यांचा संग्राहक एकच असावा, यात नवल नाही. दोन्ही ठिकाणी तो सपाट रंग आणि ठाम रेषाच पाहत होता.

सावंतवाडीच्या बरोबरीने देशात दोन-तीन ठिकाणी पाने होतात. बंगालमधल्या बिष्णुपूरला फौजदार घराणे दशावतार ताश करते. तिथली पाने कापडी थरांची, आकाराने मोठी आणि चित्रे जाड रेषेची. ओडिशात रघुराजपूर आणि सोनपूरचे पटचित्रकार गंजपा करतात. म्हैसूरच्या तिसऱ्या कृष्णराज वडियारांनी तर एकोणिसाव्या शतकात स्वतःच नवे खेळ रचले, त्यांतला मोठा ३६० पानांचा. इतक्या पानांचा डाव राजाखेरीज कोणाला परवडणार, हा प्रश्नच आहे. या सगळ्यांत सावंतवाडीची पाने ओळखू येतात ती लाखेच्या तुळतुळीत झळाळीवरून. चितारआळीच्या खेळण्यांवर जी झळाळी, तीच.

आज सावंतवाडीचे जोड विकत घेणाऱ्यांत खेळणारे फार थोडे. दशावतारी जोडाखेरीज नवग्रहांचा १०८ पानांचा आणि राशींचा १४४ पानांचा जोडही होतो. अधिक खप मात्र गंजिफाची चित्रे असलेल्या ताटल्या, डबे, चौरंग आणि भिंतीवरच्या चौकटींचा. राजघराण्याच्या पुढच्या पिढीने राजवाड्याच्या आवारात हॉटेल सुरू केले, त्याच्या सजावटीतही हीच चित्रे आहेत. सावंतवाडीच्या गंजिफाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्याने नावाचे आणि बनावटीचे संरक्षण होते. उलट्या उतरंडीचा, रामाच्या आणि कृष्णाच्या उतारीचा डाव कुठल्याही मानांकनात बसत नाही, आणि खेळणारे नसतील तर प्रत्येक रंगाची जमीन वेगळी का, पाठ कोरी का, याचे उत्तर द्यायला फक्त दुकानातली चिठ्ठी उरते. प्रशिक्षणाच्या वर्गांत रंगकामाबरोबर खेळही शिकवायला हवा, ही मागणी म्हणून रास्त आहे.

याच आकृत्या हौशी मंडळी आता भेटकार्डांवरही उतरवतात आणि तिथे साधने बदलतात. रबरी ठशाने बाह्यरेषा उमटवायची आणि आत अल्कोहोल मार्करने रंग भरायचा, ही पाश्चात्त्य कार्डकलेची पद्धत. ऑक्टोबरअखेरच्या हॅलोवीनला तिकडे भोपळे, वटवाघळे आणि भुतांची कार्डे अशीच करतात, आणि परदेशातल्या मराठी घरांत त्याच टेबलावर दिवाळीची कार्डेही होतात. मार्करमध्ये रंगद्रव्य अल्कोहोलमध्ये विरघळलेले असते. ते झटकन वाळते, एका छटेवर दुसरी ओढली की दोन्ही मिसळतात आणि ब्रशच्या रेघा दिसत नाहीत. जपानच्या टू कंपनीने १९८७ मध्ये कॉपिक मार्कर आणले, तेव्हापासून हा प्रकार व्यंगचित्रकारांकडून हौशी हातांत आला. ठशासाठी शाई पाण्याची हवी आणि ती पूर्ण वाळलेली हवी. स्पिरिटची शाई वापरली तर मार्कर बाह्यरेषाच ओढून नेतो. कागद गुळगुळीत आणि जाड लागतो, तरी रंग मागच्या बाजूला झिरपतोच, म्हणून रंगवलेला तुकडा वेगळा कापून कार्डावर चिकटवतात.

गंजिफाच्या पानावर मात्र हा मार्कर चालत नाही. लाखेचा आणि मार्करचा द्रावक एकच. लाख चढलेल्या पानावर मार्कर टेकवला तर त्यातले अल्कोहोल लाख मऊ करते, टोक चिकटते आणि झळाळीवर चरा पडतो. उलट क्रमाने, आधी मार्करने रंगवून वर लाखेचा हात मारला, तर स्पिरिट रंग सोडवते आणि माशाचा निळा जमिनीच्या लालीत उतरतो. मार्करचे बहुतेक रंग उन्हात फिके पडतात, हेही आहेच. कार्ड एका सणापुरते असते, म्हणून तिथे ते खपून जाते.

पानांचा जोड ठेवायला रंगवलेली लाकडी पेटी मिळते, तिचे झाकण सरकते असते. विकत घेताना १२० पाने अवताराप्रमाणे लावून मोजून घ्यावीत. एखादे पान हरवले तर नवे रंगवून घेता येते, पण जुन्या जोडातल्या जमिनीशी त्याची छटा जुळवणे अवघड जाते आणि खेळताना तेच पान सगळ्यांना ओळखू येते. पाने कोरड्या सुती फडक्याने पुसावीत. हात धुण्याचे सॅनिटायझर, अत्तर किंवा स्पिरिट यांपैकी काहीही त्यांना लागू देऊ नये. पावसाळ्यात पेटी भिंतीला टेकवून न ठेवता कपाटात उंचावर ठेवावी, आणि श्रावण सरला की पाने एकेक सुटी करून सावलीत वाळवावीत, कारण कडक उन्हात लाख मऊ होऊन ती एकमेकांना चिकटतात.